मुलगा म्हणतो खा, मित्र म्हणतात उपाशी राहा

प्रश्न: माझं वय 64, उंची 168 सेंमी, वजन 62 किलो. दोन वर्षांत पोट तेवढंच राहिलं, पण मांड्या उतरल्या. मांडी घालून बसलो तर उठताना हात टेकावा लागतो. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन 500 दोन वेळा, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन 400 रात्री एक आणि कोलेस्टेरॉलसाठी अटोर्व्हास्टॅटिन 10 चालू आहे. अंडी खातो, मांस-मासे नाही. पुण्याचा मुलगा प्रोटीन पावडरचे डबे पाठवतो. त्याचं म्हणणं, ‘एमटॉर चालू राहिलं तरच स्नायू टिकतो.’ सकाळी फिरायला येणारे मित्र म्हणतात, ‘सोळा तास उपाशी राहा, ऑटोफॅजी होते, पेशीतला कचरा जातो, त्या शोधाला नोबेल मिळालंय.’ एकाने रॅपामायसिनच्या गोळीचा व्हिडिओही पाठवला. सगळे शास्त्रच सांगतात आणि एकमेकांच्या उलट सांगतात. मी नेमकं काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: नमस्कार. आधी करायचं काय ते सांगतो, कारणं मागाहून. सोळा तासांचा उपवास करू नका, रात्रीचे अकरा-बारा तास पुरे. मूत्रपिंडाचा रिपोर्ट ठीक असेल तर दिवसाला 75 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन तीन जेवणांत वाटून घ्या. आठवड्यातून दोनदा पायांवर खरोखरीचा भार द्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दल याच महिन्यात डॉक्टरांशी बोला. रॅपामायसिन नको.

आता तुमच्या मुलाचं आणि मित्रांचं भांडण. दोघांनी वाचलेलं खोटं नाही. दोघांची चूक मात्र सारखीच आहे: स्नायूला एकच निरोप चोवीस तास देत राहावं, असं दोघांनाही वाटतं.

स्नायूतली प्रथिनं एकदा बनली की जन्मभर पुरत नाहीत. रोज साधारण एक ते दीड टक्का प्रथिन मोडून नव्यानं बांधलं जातं. आकुंचनाच्या ताणानं, उष्णतेनं, ऑक्सिडेशननं प्रथिनांच्या घड्या बिघडतात. बिघडलेलं वेळेत हटलं नाही तर त्याच्या गुठळ्या होतात आणि शेजारची चांगली प्रथिनंही त्यांत अडकतात. पेशीकडे यावर तीन सोयी आहेत. एचएसपी70सारखी चॅपरोन प्रथिनं बिघडलेली घडी पुन्हा नीट करून पाहतात. जे सुधारत नाही त्यावर युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिअसोम त्याचे तुकडे करतं. मोठ्या गुठळ्या आणि निकामी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, प्रोटिअसोमला झेपत नाहीत. त्यांच्याभोवती पटलाची पिशवी तयार होते, पिशवी लायसोसोम या पेशीतल्या पचनकोठीला जाऊन मिळते आणि आतल्या आम्लात सगळं विरघळून अमिनो आम्लं परत वापरायला मिळतात. ही ऑटोफॅजी. मित्रांनी सांगितलेलं नोबेल खरं आहे: 2016 साली योशिनोरी ओसुमी यांना मिळालं. पण त्यांचा मूळ शोध यीस्टवरचा, आणि जेवायचं वेळापत्रक त्यात कुठेही नाही. युबिक्विटिनच्या कामालाही 2004 साली नोबेल मिळालं होतं. त्याचे व्हिडिओ फिरत नाहीत.

या सोयी कधी चालायच्या आणि कधी थांबायच्या, ते निरोप ठरवतात. जेवलात की इन्सुलिन वाढतं, पेशीतलं एकेटी नावाचं एन्झाइम जागं होतं आणि एमटॉर या बांधणी चालवणाऱ्या एन्झाइमला चालना मिळते. शिवाय एमटॉरला अमिनो आम्लं आल्याची खात्री लागते. ल्यूसिन हे अमिनो आम्ल पोचलं की नाही हे सेस्ट्रिन-2 हे प्रथिन ओळखतं आणि त्यानंतरच एमटॉर लायसोसोमच्या पृष्ठभागावर जाऊन काम सुरू करतं. एमटॉर एका बाजूनं प्रथिन बांधायला लावतं आणि दुसऱ्या बाजूनं ऑटोफॅजी सुरू करणाऱ्या यूएलके1 या एन्झाइमवर फॉस्फेट चिकटवून ते थांबवतं. पोट रिकामं झालं की हे सगळं उलटतं. एकेटी मंदावतं, फॉक्सओ नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि अॅट्रोजिन-1, मर्फ-1 ही प्रथिनांवर युबिक्विटिन लावणारी एन्झाइमं तसंच ऑटोफॅजीची जनुकं चालू करतं. म्हणजे मोडणं आणि बांधणं आळीपाळीनं व्हायचं असतं. तरुण स्नायूत ही अदलाबदल दिवसातून कितीतरी वेळा बिनबोभाट होते.

वय वाढलं की बिघडते ती ही अदलाबदल. कालव्याच्या पाटाचं दार गंजून जाम झालं की ते पूर्ण उघडत नाही आणि पूर्ण मिटतही नाही. पाणीपाळी आली तरी शेताला पुरेसं पाणी जात नाही आणि पाळी संपली तरी झिरपणं थांबत नाही. म्हाताऱ्या स्नायूतल्या एमटॉरचं तसंच होतं. प्रयोगशाळेतल्या लहान-मोठ्या जातींच्या वयस्कर उंदरांत ते उपाशीपोटीही थोडं चालूच राहिलेलं दिसतं, त्यामुळे सफाई अडते. आणि जेवणानंतर जेवढं जोरात चालायला हवं तेवढं चालत नाही, म्हणून तेवढ्याच प्रोटीनमधून बांधणी कमी होते. अंगात मंद सूज सतत असेल तर भर पडते, कारण टीएनएफसारखी दाहक द्रव्यं मर्फ-1 वाढवतात. मधुमेहात इन्सुलिनचा निरोपच अर्धवट पोचतो. पेशीत हळूहळू लिपोफ्युसिन हा तपकिरी, न पचणारा गाळ साठतो आणि लायसोसोमची ताकद त्यातच अडकून पडते.

दोन प्रयोग तुमच्या मुलाला आणि मित्रांना शेजारी बसवून सांगण्यासारखे आहेत. 2009 साली इटलीतल्या संशोधकांनी उंदरांच्या फक्त स्नायूत ऑटोफॅजीचं एटीजी7 हे जनुक बंद केलं. मोडतोड थांबली म्हणजे स्नायू वाढेल, असा हिशेब कुणीही केला असता. झालं उलटं: स्नायू वाळला, कमकुवत झाला, आत खराब मायटोकॉन्ड्रियांचा ढीग लागला. 2013 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या गटानं उंदरांच्या स्नायूत एमटॉर कायमचं चालू ठेवलं. तरुणपणी फारसं बिघडलं नाही. वय वाढल्यावर मात्र सफाई तुंबून गंभीर स्नायुविकार झाला. ‘एमटॉर चालू ठेवा’ याचं शेवटचं टोक हे असं आहे. उलट बाजूला, फॉक्सओ जास्त वेळ चालू राहिलं तर काय होतं, ते लांबलेल्या आजारपणात प्रत्येक घरात दिसतं.

मग दार मोकळं करायचं कशानं? आजवर सगळ्यांत भरवशाचा उपाय भाराखाली काम करणारा स्नायू हाच ठरलाय. गोळी नाही, डबाही नाही. हे का, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. स्नायूच्या तंतूत झेड-रेषेपाशी, म्हणजे जिथे एक तुकडा दुसऱ्याला जोडलेला असतो तिथे, फिलॅमिन-सी नावाचं प्रथिन ताण झेलतं. खुर्चीत हळू बसताना, जिना उतरताना ते ताणलं जाऊन त्याची घडी उलगडते. बॅग-3 नावाचं प्रथिन एचएसपी70 आणि एचएसपीबी8 यांना घेऊन तिथे पोचतं, मोडलेल्या फिलॅमिनवर युबिक्विटिनची खूण लागते आणि ते ऑटोफॅजीच्या पिशवीत जातं. तेच बॅग-3 त्याच वेळी दुसऱ्या साखळीतून नवं फिलॅमिन बनवणारं जनुकही जागं करतं. सफाई आणि बांधणी एकाच ताणातून, एकाच जागी. उपवासात यातली एकच बाजू मिळते, पावडरीत दुसरी. बॅग-3मध्ये एका विशिष्ट जागी जन्मजात दोष असलेल्या मुलांचे स्नायू बालपणीच झिजतात आणि हृदयालाही धोका होतो, इतकं हे काम मोलाचं आहे.

उपवासाबद्दल आता स्पष्टच. माणसाच्या स्नायूत उपवासानं हे निरोप कसे बदलतात, ते पाहणारे प्रयोग बहुतेक 36 ते 72 तासांचे आहेत. सोळा तासांत तुमच्या मांडीत किती ऑटोफॅजी झाली, हे सांगणारी रक्ततपासणी अस्तित्वात नाही. कुणी तसं पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा. अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जाड माणसांना बारा आठवडे रोज सोळा तास उपाशी ठेवलं. वजन किलोभरच उतरलं आणि ज्यांची सविस्तर मोजणी झाली, त्यांच्या हातापायांचा स्नायू घटलेला दिसला. ती माणसं तुमच्यापेक्षा तरुण आणि वजनदार होती. तुमच्याकडे उतरवायला वजन नाही. शिवाय दोन जेवणांत 75 ग्रॅम प्रोटीन शाकाहारी ताटातून पोटात घालणं अवघडच आहे, पोट आधी भरतं. रात्री आठला जेवा, सकाळी सात-साडेसातला न्याहारी करा. तेवढ्या वेळात इन्सुलिन खाली येतं आणि मोडणीची पाळी आपोआप होते. मध्ये रात्री दहाला बिस्किटं आणि चहा नको, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

आणि एकादशी. उपवास श्रद्धेनं करत असाल तर जरूर करा, पण स्नायूच्या हिशेबानं साबुदाण्याची खिचडी ही दोन्हीकडून तोट्याची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. इन्सुलिन उसळतं, म्हणजे सफाई थांबते. ल्यूसिन येत नाही, म्हणजे बांधणीही नाही. जे काही प्रोटीन मिळतं ते शेंगदाण्याच्या कुटातून. त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, पनीर, मूठभर शेंगदाणे असं ताट करा. साखरही कमी चढेल.

व्यायामाला लागण्याआधी आज घरी एक मोजणी करा. हात नसलेली, जमिनीपासून 43 ते 46 सेंमी उंच खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठा-बसा आणि पाचव्यांदा उभे राहाल तिथे घड्याळ थांबवा. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019च्या निकषांनुसार 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची क्षमता कमी झाली असं धरतात. पोटरीचा सगळ्यात जाड भाग टेपनं मोजा. पुरुषांत 34 सेंमीच्या खाली आलं तर स्नायू घटल्याची शंका घेतात. हाताच्या पकडीचं यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असतं, तिथली पुरुषांची मर्यादा 28 किलो. आकडे तारखेसह लिहून ठेवा. ताकद वजनाच्या कितीतरी आधी आणि वेगानं उतरते, म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका.

सोमवार आणि गुरुवार धरा, चार-पाच आठवड्यांनी शनिवार जोडा. दोन दिवसांत निदान 48 तासांचं अंतर हवं, कारण मोडलेलं उचलून नवं बांधायला तेवढा वेळ लागतोच. पाच-सात मिनिटं चालून अंग गरम करा. मग खुर्चीवरून उठ-बस: आठ ते बारा वेळा, असे तीन सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. उठणं नेहमीच्या वेगानं, बसणं मात्र मनात तीन मोजत. हाताशिवाय उठवत नसेल तर घडी घातलेल्या दोन चादरी खुर्चीवर टाकून उंची वाढवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक काढा. तिन्ही सेटमध्ये बारा सहज होऊ लागले की छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरा, नंतर किलो-किलोनं वाढवा. त्याच दिवशी 15 सेंमीच्या पायरीवर चढ-उतार एकेका पायानं आठ वेळा, ओटा धरून टाचा उचलणं पंधरा वेळा, ओट्यावर हात टेकून पुशअप आठ-दहा वेळा आणि खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून मागे ओढणं बारा वेळा. हे चारही दोन-दोन सेट. शेवटी दोन्ही हातांत तीन-चार किलोच्या पिशव्या घेऊन अंगणात तीसेक मीटर चालणं. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

भार बरोबर आहे का, ते असं ओळखा: सेट संपताना आणखी दोन-तीन वेळाच जमलं असतं असं वाटलं पाहिजे. आणखी आठ-दहा सहज झाले असते तर तो भार स्नायूसाठी नगण्य आहे, निरोप जातच नाही. बहुतेकांचं इथेच फसतं. सहा महिने तेच दोन किलो, तीच मोजणी, आणि मग ‘व्यायामानं काही होत नाही’. दुसरी चूक पहिल्याच दिवशी होते. उत्साहात पन्नास उठबशा काढायच्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरायच्या आणि कायमचं सोडून द्यायचं. पहिला आठवडा एकच सेट करा. हळू खाली बसण्यातच तंतूंना सर्वांत जास्त ताण बसतो, म्हणून सुरुवातीला थोडं दुखणारच. तीन दिवसांत ओसरलं तर काळजी नको. श्वास कोंडू नका, उठताना सोडा, नाहीतर रक्तदाब उसळतो. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव किंवा नव्या नाजूक वाहिन्या झालेल्या असतील तर नेत्रतज्ज्ञांची परवानगी मिळेपर्यंत भार उचलू नका.

चालणं सोडायचं नाही. त्यानं एएमपीके आणि पीजीसी-1 अल्फा हे पेशीतले ऊर्जेचे निरोपे जागे होतात, जुने मायटोकॉन्ड्रिया हटून नवे बनतात, साखर उतरते. पण सपाट रस्त्यावरच्या चालण्यानं मांडीची ताकद फारशी वाढत नाही. बाकीच्या दिवशी अर्धा तास चाला, जमेल तेव्हा चढ घ्या.

वयाची सबब पुढे करण्याआधी हे वाचा. 1994 साली बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या शंभर जणांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली, सरासरी वय 87. दहा आठवडे पायांना वजनाचा व्यायाम दिलेल्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. फक्त पोषक पेय दिलेल्यांना काही फायदा झाला नाही. डबे पाठवणाऱ्या मुलाला एवढंच वाक्य पुढे पाठवा.

तरीही प्रोटीन लागतंच, फक्त व्यायामाच्या जोडीनं. तरुणाला एका जेवणात किलोमागे पाव ग्रॅमनं जे साधतं, त्यासाठी साठीनंतर 0.4 ग्रॅमच्या आसपास लागतं. तुमच्या 62 किलोला ते 25 ग्रॅम होतं, तीन वेळचं मिळून 75. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2020ची शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी 51 ग्रॅम. ती निरोगी प्रौढासाठी, उतरलेला स्नायू परत मिळवायला ती अपुरी पडते. आपल्याकडच्या नेहमीच्या दिवसात, म्हणजे सकाळी पोहे, दुपारी दोन भाकरी आणि पातळ आमटी, रात्री खिचडी, बहुधा 40 ते 45 ग्रॅमच पोटात जातं, आणि सकाळी तर पाचच्या वर क्वचित.

म्हणून आधी न्याहारी बदला. 50 ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि दोन अंडी: 24-25 ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरींतून दहा-अकरा, 30 ग्रॅम कोरड्या मटकीच्या मोडाच्या उसळीतून सात, दीडशे ग्रॅम दह्यातून पाच आणि सोलापुरात राहून शेंगाचटणी नाही असं होणारच नाही, तिच्या दोन चमच्यांतून तीन-चार. रात्री एक भाकरी, 80 ग्रॅम पनीर किंवा 30 ग्रॅम कोरडे सोयाचे तुकडे, आणि कपभर दूध: पुन्हा 25च्या आसपास. एखाद्या जेवणात हे जमलं नाही तर मुलाच्या डब्यातला अर्धा चमचा तिथे घाला. त्यांचा चमचा बहुधा 30 ग्रॅमचा असतो आणि व्हे प्रोटीन असेल तर त्यात साधारण 24 ग्रॅम प्रोटीन, अडीच ग्रॅमच्या आसपास ल्यूसिन. दिवसभर घोट-घोट पीत बसू नका: ल्यूसिनची पातळी एकदम वर गेली तर एमटॉर हलतं, रेंगाळत वाढली तर म्हाताऱ्या स्नायूला पत्ता लागत नाही. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात पावडर घेतलीच पाहिजे हा बागुलबुवा आहे. व्यायामानंतर स्नायू निदान चोवीस तास प्रोटीनला जास्त प्रतिसाद देतो.

एक अट आहे आणि ती मधुमेह्याला टाळता येत नाही. प्रोटीन वाढवण्याआधी क्रिएटिनिन, त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. ईजीएफआर 60च्या खाली असेल किंवा अल्ब्युमिन जात असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील, मी दिलेला विसरा. मांड्या उतरलेल्या माणसाचं क्रिएटिनिन स्नायू कमी असल्यामुळेच कमी दिसतं, म्हणून मूत्रपिंड आहे त्यापेक्षा बरं वाटू शकतं. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता तुमच्या गोळ्या, कारण पत्रातली सगळ्यात कळीची ओळ तीच आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मूळ मलेरिया आणि संधिवाताचं औषध. भारतात 2014पासून ते मधुमेहासाठीही इतर औषधांच्या जोडीला द्यायची गोळी म्हणून मान्य आहे. ते लायसोसोममध्ये साठतं आणि तिथलं आम्ल कमी करतं. पिशवी लायसोसोमपर्यंत पोचते, पण आतलं पचत नाही. प्रयोगशाळेत ऑटोफॅजी अडवायची असेल तर हीच जातकुळी वापरतात. म्हणजे मित्रांचं ऐकून तुम्ही सोळा तास उपाशी राहायचं आणि रात्रीची गोळी शेवटच्या पायरीवर अडसर घालायची. या औषधानं स्नायू कमकुवत होणं दुर्मीळ आहे, पण होतं तेव्हा मांडी आणि खांद्यापासूनच सुरू होतं, फारसं दुखत नाही, आणि सीपीके ही स्नायूची तपासणी नॉर्मल किंवा जराशीच वाढलेली येते. म्हणून ‘सीपीके चांगला आहे’ एवढ्यावर विषय बंद करू नका. डोळ्यांसाठी सुरक्षित मर्यादा खऱ्या वजनाच्या किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅम धरतात. 62 किलोला 310 मिलिग्रॅम होतं आणि तुम्ही 400 घेताय. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका आणखी वाढतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, साखर चढेल. ‘मांड्या उतरल्यात, उठायला हात लागतो, वजन 62 आहे, डोस बदलायचा की औषध?’ एवढं डॉक्टरांना विचारा आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. बंद केल्यावरही हे औषध शरीरातून निघायला महिने लागतात, तेव्हा आठवड्यात फरक पाहू नका.

मेटफॉर्मिन चालू ठेवा. 2019च्या एका चाचणीत मधुमेह नसलेल्या पासष्टीपुढच्या लोकांना व्यायामासोबत मेटफॉर्मिन दिलं, तेव्हा त्यांचा स्नायू नुसत्या व्यायामवाल्यांपेक्षा कमी वाढला. पण त्यांना मधुमेह नव्हता, तुम्हाला आहे, आणि वाढलेली साखर स्नायूची यापेक्षा जास्त वाट लावते. तारुण्य टिकवायला म्हणून निरोगी माणसानं मेटफॉर्मिन घेऊ नये, इतकाच त्याचा अर्थ. नऊ वर्षं मेटफॉर्मिन घेतलंय तर बी12 मात्र तपासाच, शाकाहाराकडे झुकलेल्या ताटात ते आधीच कमी असतं. सोबत डी जीवनसत्त्व, थायरॉइडची टीएसएच, सीपीके आणि तीन महिन्यांची साखर. अटोर्व्हास्टॅटिनचा डोस लहान आहे. दोन्ही मांड्या दुखत असतील तर बोला, नुसत्या बारीक झाल्या असतील तर संशय आधी त्याच्यावर नको. तुमच्या मित्रांपैकी कुणी गाऊटसाठी कोल्चिसिन घेत असेल तर तेही पिशव्या लायसोसोमपर्यंत नेणारी वाहतूकच अडवतं, आणि मूत्रपिंड कमजोर असताना स्टॅटिनसोबत घेतलं तर स्नायूंना धोका वाढतो.

रॅपामायसिन, म्हणजे एमटॉरला दाबणारी गोळी. ईस्टर बेटावरच्या, म्हणजे रापा नुईच्या मातीतल्या जिवाणूतून ते निघालं. माँट्रियालमध्ये त्यावर काम करणारे सुरेंद्रनाथ सहगल हे भारतीय वंशाचे, त्यामुळे व्हिडिओत अभिमानाचं पार्श्वसंगीत असतंच. वयस्कर उंदरांत त्यानं बहुतेक स्नायूंना फायदा झाला, काहींना नाही. पण माणसाला जोरदार व्यायामाआधी ते दिलं, तेव्हा व्यायामानं होणारी प्रथिनबांधणीची वाढ झालीच नाही. किडनी बदललेल्या रुग्णांचं हे औषध आहे. तोंड येणं, जखमा लवकर न भरणं, कोलेस्टेरॉल आणि साखर वाढणं हे त्याचे ओळखीचे त्रास, आणि त्यातले शेवटचे दोन तुमच्याकडे आधीच आहेत. डाळिंबाशी नाव जोडलेल्या युरोलिथिन-एच्या कॅप्सुलांनी म्हाताऱ्यांच्या चाचणीत स्नायूंचा दमसास थोडा सुधारला, पण सहा मिनिटांत चाललेलं अंतर नकली गोळीवाल्यांपेक्षा खास वाढलं नाही. त्या महाग आहेत, तूर्त नकोत. सी आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसच्या गोळ्याही व्यायामाच्या काळात टाळा, कारण व्यायामात तयार होणारे ऑक्सिडंट हाही एक निरोपच असतो. आवळा, पेरू खुशाल खा.

बारा आठवड्यांनी पुन्हा तीच खुर्ची, तोच टेप. सेकंद आधी कमी होतील, पोटरीचा घेर उशिरा हलेल. मध्येच ताप, शस्त्रक्रिया, हाड मोडणं असं काही आलं तर जास्त जपा. निरोगी वयस्करांना फक्त दहा दिवस पलंगावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतला जवळपास किलोभर स्नायू गेला होता. अशा वेळी पडल्यापडल्या पाय ताणणं, डॉक्टर हो म्हणतील त्या दिवसापासून खुर्चीत बसणं आणि तिन्ही वेळचं प्रोटीन चुकवू नका. बारा आठवडे नीट करूनही सेकंद हलले नाहीत तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आणि एकाच पायाची ताकद गेली, काही आठवड्यांत भराभर उतरली, गिळायला त्रास होऊ लागला, स्नायू आपोआप थरथरताना दिसले किंवा लघवी कोकमासारखी गडद झाली, तर बारा आठवडे थांबू नका. लघवी गडद झाली तर त्याच दिवशी, बाकीच्यांसाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या.